मेस्ताची जुनी पेटी, ४६ नग: काय घ्यावं, काय सोडावं

डिचोलीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मेस्ताची, म्हणजे सुताराची, हत्यारांची अख्खी पेटी विकायला आहे. सागवानी पेटी, आत ४६ नग, आणि शेजारी सुंभाने बांधलेला लाकडाच्या तुकड्यांचा भारा. पेटी घेणाऱ्याला तो भारा जळण म्हणून फुकट मिळतो. जुन्या घराची वाटणी झाली किंवा घर विकलं गेलं की गोव्यात अशा पेट्या बाहेर पडतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिसतात ते त्यांतलेच सुटे नग. अख्खी पेटी एकत्र मिळणं विरळाच, म्हणून इथे एकेक नग उघडून लिहिलं आहे. कुठलीही जुनी पेटी तपासताना हाच क्रम उपयोगी पडेल.

निकाल आधी सांगतो. पेटी घेण्यासारखी आहे, पण दुकानदार ज्या वस्तूचे जास्त पैसे लावतो तिच्यासाठी नाही. लोखंडी रंधा कामाचा आहे, संग्रहाचा नाही. पटाश्यांपैकी चार उत्तम, एक लाकडी रंधा फार चांगला, करवती जवळजवळ वाया गेलेल्या. आणि खरा ऐवज त्या फुकटच्या भाऱ्यात आहे.

विकणारा पहिलं वाक्य बोलतो ते "पोर्तुगीज काळातलं आहे". यात खोटं काही नसतं, पण वय त्यातून कळत नाही. गोव्यात तो काळ १९ डिसेंबर १९६१ ला संपला, त्यामुळे १९५८ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये बनलेला रंधाही पोर्तुगीज काळातलाच. शिवाय इथली माणसं मुंबईला, कराचीला, पूर्व आफ्रिकेत आणि बोटींवर नोकरीला गेली, येताना हत्यारं घेऊन आली. त्यामुळे एकाच पेटीत इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि गावचा लोहार असे सगळे शेजारी शेजारी सापडतात. अख्ख्या पेटीला एक साल लावता येत नाही. प्रत्येक नगाची खूण वेगळी वाचावी लागते. काही खुणा सोप्या असतात. या पेटीतल्या कॅलिपरवर "मेड इन वेस्ट जर्मनी" आहे, म्हणजे तो १९४९ ते १९९० या काळातला. "ऑक्युपाइड जपान" असं दिसलं तर तो नग दुसऱ्या महायुद्धानंतरचा आणि १९५२ च्या आधीचा. यासाठी तज्ज्ञ लागत नाही, भिंग आणि टॉर्च पुरते.

टॉर्च मात्र समोरून धरू नका, अगदी आडवी धरा. गंजाखाली बुजलेलं अक्षर सावलीने उठतं. तरीही वाचता आलं नाही तर खडूची भुकटी बोटाने चोळा, किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या. पॉलिश पेपर नंतर. या पेटीतले सात-आठ नग विक्रीला चकचकीत दिसावेत म्हणून तारेच्या चाकावर घासलेले आहेत, आणि त्या नगांवरचे शिक्के गेले ते कायमचेच.

लोखंडी रंधा

दुकानदार सगळ्यात जास्त बोलतो तो या रंध्याबद्दल. स्टॅन्ली या अमेरिकन कंपनीचा ४ नंबर, लांबी ९ इंच, पातं २ इंच रुंद. पातं बसतं त्या फ्रॉगच्या मागे, बैठकीवर पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या आहेत: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. या तीन तारखा एकत्र दिसल्या की रंध्याचं अंग साधारण १९१० ते १९१८ मधलं, अमेरिकेत बनलेलं. इथवर दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे.

आता पातं काढा. पात्याच्या वरच्या टोकाला बदामाच्या आकारात एसडब्ल्यू ही अक्षरं आहेत. हा शिक्का १९२० ते साधारण १९३५ या काळात वापरात होता, म्हणजे पातं नंतर बदललेलं. मग पातं दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचं भोक बघा. जुन्या कॅपवर ते किल्लीच्या भोकासारखं असतं, एकीकडे गोल आणि दुसरीकडे अरुंद. इथे ते मूत्रपिंडाच्या आकाराचं आहे, आणि असं भोक १९३३ च्या सुमारास सुरू झालं. थोडक्यात, अंग एका काळातलं, पातं दुसऱ्या, कॅप तिसऱ्या. कोणीतरी कामासाठी जोडून घेतलेला हा रंधा आहे, आणि कामासाठी तो उत्तम चालेल. पण "१९१० चा अस्सल अमेरिकन" म्हणून वेगळे पैसे देऊ नयेत. रंध्याचं वय नेहमी अंगावरून ठरवावं, पात्यावरून कधीच नाही, कारण सगळ्यात आधी झिजतं आणि बदललं जातं ते पातंच.

असाच आणखी एक ठोकताळा: अंगावर "मेड इन इंग्लंड" असलेला स्टॅन्ली हा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा, कारण कंपनी शेफिल्डमध्ये रंधे बनवू लागली ती तेव्हा. रेकॉर्ड या शेफिल्डच्याच कंपनीचे रंधे १९३१ पासूनचे, निळ्या रंगाचे, आणि त्यांच्या नंबराच्या आधी शून्य असतं: ०४, ०५, ०७.

घेण्याआधी फ्रॉग काढून तोंडाभोवती, म्हणजे तळातून पातं बाहेर येतं त्या फटीभोवती, बघा. चीर असली तर तिथेच असते, तोंडाच्या कोपऱ्यातून बाजूच्या भिंतीकडे जाणारी. बीड लोखंड असल्याने रंधा एकदा फरशीवर पडला तरी पुरतं. चीर तेलाने भरलेली असते आणि वरवर ओरखड्यासारखी दिसते. घासलेटने पुसून, कोरडं करून खडू लावा. चीर असली तर थोड्या वेळाने खडूवर तेलाची रेघ उमटते. या रंध्याला चीर नाही. तळ स्टीलच्या पट्टीवर धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) घाला: पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक एका रेषेत हवेत. मधे ०.१ मिमी खोलगट असलं तरी चालतं. तोंडाची पुढची कडच वर असेल तर मात्र चालत नाही. पातं लाकूड उचलतं, कापत नाही.

मागच्या मुठीचा स्क्रू या रंध्यात चुकीचा आहे. कोणीतरी एम६ चा बोल्ट बळजबरीने आत घातला आणि आटे सोलले. ही चूक खूपदा दिसते. अमेरिकन स्टॅन्लीच्या मुठीचे आणि फ्रॉगचे आटे १२-२० मापाचे, म्हणजे साधारण ५.५ मिमी जाडीचे आणि इंचाला २० फेऱ्यांचे. हे माप हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. एम६ आत जात नाही, एम५ खुळखुळतो. जुन्या मोडक्या रंध्याचाच स्क्रू शोधायचा, नाहीतर खराद्याकडून करून घ्यायचा. खोली कमी-जास्त करणारं पितळी चाक तर उलट्या आट्यांचं असतं. अडकलं म्हणून नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर ते आणखी आवळतं, आणि जोर केला तर मधला खुंट तुटतो. घासलेट सोडून रात्रभर ठेवा, मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा.

पात्याची खाच संपते तिथून धारेपर्यंत अजून चांगले ४० मिमी पोलाद शिल्लक आहे. २५ मिमीच्या खाली आलं असेल तर नवीन पात्याचा खर्च धरून भाव करावा. आपल्याकडच्या अनंत किंवा ग्रोझचं २ इंची पातं रुंदीला बसेल, पण पात्याला स्क्रूने जोडलेल्या कॅप आयर्नमधल्या चौकोनी भोकाची जागा आधी जुळवून बघा. ते भोक जरा जरी खाली, धारेच्या जवळ, असलं तरी पातं तोंडातून पुरेसं बाहेर येत नाही.

लाकडी रंधे

तीन आहेत. एक इंग्लिश, ९½ इंच लांब, गलत्याचा (कडेला नक्षी काढायचा). लाकूड बीच: फिकट तपकिरी, आणि कडेला बारीक चमकदार तिळांसारखे ठिपके. ते ठिपके दिसले की लाकूड बाहेरचं असं बहुतेक वेळा समजावं. आपल्या शिसवीला किंवा खैराला तसे नसतात. पुढच्या टोकावर दोन शिक्के आहेत. एक खोल, एकसारखा, झिगझॅग चौकटीतला: तो कारखान्याचा. दुसरा जरा तिरका, दोन अक्षरांचा: तो मालकाचा. हीच दोन अक्षरं पेटीतल्या १४ नगांवर आहेत, काहींवर डागलेली, काहींवर ठोकलेली. मेस्ताने स्वतः वापरलेलं काय आणि पेटी भरलेली दिसावी म्हणून नंतर टाकलेलं काय, हे या १४ नगांवरून कळतं. करवतींपैकी एकीवरही ती अक्षरं नाहीत.

दुसरा रंधा इथेच केलेला. अंग शिसवीचं, जड, तळहाताने घासून काळं आरशासारखं झालेलं. पातं मात्र फ्रान्सचं: प्यूजो फ्रेर हे नाव आणि बाणावर चालणारा सिंह. मोटारींच्या आधी हे घराणं करवती आणि हत्यारं बनवत असे, आणि हा सिंह १८५८ साली नोंदलेला त्यांचा छाप आहे. बाहेरचं पातं, घरचं लाकूड, अशी ही जोडी, आणि मला पेटीतला सगळ्यात देखणा नग हाच वाटतो. उतार ४५ अंश, पाचर घट्ट, तोंड फक्त थोडं रुंदावलेलं. तळात तोंडापुढे शिसवीचा १० मिमी जाड तुकडा बसवला की पुन्हा बारीक काम देईल.

अशा जुन्या पात्यांची एक तपासणी कधीही चुकवू नये. ही पाती अखंड पोलादाची नसतात. मऊ लोखंडाच्या पट्टीवर पोलादाचा पातळ थर तापवून जोडलेला असतो, आणि तोही फक्त खालच्या भागात. धारेचा उतार थोडा घासा आणि ओल्या बोटाने पुसा: वरचा भाग मळकट राखाडी, खाली धारेलगत उजळ चकचकीत रेघ. तीच पोलादाची रेघ. आता पात्याच्या सपाट बाजूवर बारीक कानस हलकेच फिरवत वर जा. पोलादावर ती घसरते, लोखंडाला लागली की चावते. चावायला लागते तिथे पात्याचं आयुष्य संपलं. या प्यूजोच्या पात्यात ३० मिमी पोलाद उरलं आहे, घरगुती वापराला वर्षानुवर्षं पुरेल. तिसऱ्या रंध्याच्या पात्यात ४ मिमी. तो भिंतीवर लावायला ठीक.

पटाश्या

अकरा. यातल्या चारांवर शेफिल्डच्या मार्पल्सचं तीन पानांचं चिन्ह आणि "कास्ट स्टील" असं ठोकलेलं. या दोन शब्दांनी खूप लोक फसतात. कास्ट म्हणजे बीड, म्हणजे ठिसूळ आणि हलकं, असं समजून त्या बाजूला टाकतात. हे मुशीत वितळवून केलेलं पोलाद आहे. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ ही पद्धत बसवली, आणि पुढे दोनशे वर्षं उत्तम धारेच्या हत्यारांवर हाच शिक्का असे. या चारही घ्याव्यात, पेटी न घेता सुट्या मिळाल्या तरी घ्याव्यात.

मागची सपाट बाजू बघा, पुढची नाही. गंजाचे खड्डे धारेपासून १० मिमीच्या आत असतील आणि नख त्यात अडकत असेल तर ती धार कधीच सलग होणार नाही, दर वेळी निसण्यावर पुन्हा नवा खड्डा उघडेल. चारपैकी एकीला तसे खड्डे आहेत, पण धार ६ मिमी मागे घेतली की सुटतात. दुसरी खूण निळसर डाग. कोणीतरी विजेच्या ग्राइंडरवर धार लावताना पातं जाळलं. निळा भाग मऊ झालेला असतो. तो संपून पुढे २-३ मिमी जाईपर्यंत पाण्यात बुडवत, हळूहळू घासायचं. उतार २५ अंश, शेवटची धार ३० अंशांवर.

उरलेल्या सातांपैकी तीन गावच्या लोहाराच्या, आणि एक तर जवळून बघण्यासारखी आहे. दांड्यालगतच्या कडेवर बारीक, तिरक्या, समांतर रेघा आहेत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. ओरखडे इतके नियमित नसतात. झिजलेल्या कानशीचे ते दात आहेत: लोहाराने कानस तापवून, ठोकून तिची पटाशी केली, आणि ठोकलं गेलं नाही तेवढ्या भागात दात उरले. अशा पटाशीला धार फार कडक येते. पण पाणी दिल्यावर पुन्हा नीट तापवून कडकपणा उतरवला नसेल तर मोगरीच्या पहिल्या ठोक्याला कोपरा उडतो. घरी उपाय आहे: धारेकडचा भाग घासून चकचकीत करा, मागून हळू तापवा, फिकट गवती पिवळा रंग धारेपाशी आला की पाण्यात घाला. हा रंग साधारण २२० अंश सेल्सिअसला येतो. तपकिरीच्या पुढे जाऊ देऊ नका.

वाकस (लाकूड तासायचं हत्यार) एकच, लोहाराचा, शिक्का नाही, पण कसदार. धारेचा उतार आतल्या बाजूला आहे आणि अंगाला नीट पाणी दिलेलं आहे. दांडा नवीन लागेल.

करवती, गिरमिट, गुण्या

करवतींवर फार वेळ घालवू नये. चार आहेत. दोघींच्या पात्याला मधे घडी पडली आहे. नुसतं वाकलेलं पातं सरळ होतं, घडी पडलेलं सहसा होत नाही. तिसरीच्या मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर "वॉरंटेड सुपीरिअर" आहे. ते कारखान्याचं नाव नाही. अनेक कारखाने आपल्या स्वस्त मालावर हाच बिल्ला लावत, त्यामुळे त्यावरून ओळख पटत नाही. खरी ओळख पात्यावर कोरलेली असेल तर ४०० नंबरचा कागद सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, तेल लावून, हलक्या हाताने घासल्यावर दिसते. चौथी इथली, आणि तिचे दात मुठीकडे वळलेले आहेत. कोणी उलटे लावले असं समजून त्यांची दिशा बदलू नका: जमिनीवर बसून, पायाने फळी धरून, करवत आपल्याकडे ओढून कापायची पद्धत होती, तिची ही करवत. ढकलून कापाल तर पातळ पातं वाकेल.

गिरमिटाची चौकोनी बुडाची आठ टोकं आहेत, त्यांवरचे आकडे अनेकांना कळत नाहीत. ते इंचाचे सोळावे भाग आहेत. ८ म्हणजे अर्धा इंच, ६ म्हणजे ३/८ इंच, साधारण ९.५ मिमी. टोकाचा बारीक स्क्रू शाबूत आहे का तेवढं बघा. तो झिजला की टोक लाकूड ओढत नाही, कितीही दाबा. आठातली पाच चांगली.

गुण्या तपासायचा तर फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, उलटा करा, त्याच बिंदूतून पुन्हा मारा. दोन रेघांमध्ये दिसतो तो फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. या गुण्यात १५० मिमीला अर्ध्या मिलिमीटरची फट दिसते, म्हणजे चूक पाव मिलिमीटर. दारं-खिडक्यांना चालेल. खतावणी (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) चांगली, खिळा बदलावा.

तो भारा

आता ज्यासाठी ही पेटी घ्यावी असं माझं ठाम मत आहे ते. भाऱ्यात १९ तुकडे आहेत आणि त्यांतले किमान १२ साचे आहेत. साचा आणि जळण यांतला फरक असा ओळखायचा: एकच कड घासून गुळगुळीत आणि बाकीच्या खरखरीत आहेत का, करवतीच्या सगळ्या चिरा एकाच खोलीवर थांबतात का, टांगायचं भोक आहे का, बारीक टोकाने ओढलेल्या रेघा आहेत का. टाकाऊ तुकड्याला टांगायचं भोक कोणी पाडत नाही.

पाच तुकडे लगेच ओळखू येतात: ४५ अंशांत कापायची पेटी, फळीची टोकं रंधायचा शूटिंग बोर्ड (त्याची एक बाजू रंध्याने झिजून पायरी पडलेली), बांबूचा तुकडा किंवा गोल दांडा धरायची व्ही आकाराची घडवंची, दोन बेंच हुक (कापताना लाकूड अडवून धरायच्या फळ्या). बाकीचे तुकडे पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघावे लागतात.

एक काठी, वीतभर लांब, दोन्ही टोकांना खुंट्या आणि मधे दोन खिळे, खिळ्यांची टोकं जेमतेम बाहेर. खुंट्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १२० मिमी. खिळे एका खुंटीपासून ३५ आणि ८५ मिमीवर. म्हणजे ३५, ५०, ३५: सात-दहा-सात. चौकोनी ओंडक्याचा अष्टकोन करायचं हे माप. काठी ओंडक्यावर तिरकी धरून दोन्ही खुंट्या कडांना टेकवायच्या आणि ओढत न्यायची. खिळे दोन रेघा मारतात, त्या रेघांपर्यंत कोपरे तासले की आठ बाजू सारख्या होतात. आठाच्या सोळा आणि मग गोल. ओंडका टोकाकडे निमुळता होत गेला तरी काठी आपोआप जास्त तिरकी होते आणि प्रमाण तेच राहतं. त्यामुळे हे होडीच्या डोलकाठीचं आणि वल्ह्याच्या दांड्याचं हत्यार आहे. बेंच हुक समजून चुलीत घातलं असतं तर मेस्त होड्यांचं काम करत असावा याची ही एकमेव खूण गेली असती.

दुसरा तुकडा मला या सगळ्या पेटीत मोलाचा वाटतो. सागवानी पट्टी, ६२ सेंमी लांब, एका कडेला ११ बारीक खाचा. पहिल्या खाचेपासून अकरावीपर्यंत ५५० मिमी, म्हणजे दहा घरं, प्रत्येकी ५५ मिमी. इंचात मोजलं तर २१.६५ येतं, कुठल्याच सोयीच्या आकड्यात बसत नाही. पण जुना पोर्तुगीज इंच, पोलेगाद, २७.५ मिमीचा होता. आठ पोलेगादांचा पाल्मो २२ सेंमी, बारांचा फूट ३३ सेंमी. ५५ मिमी म्हणजे बरोबर दोन पोलेगाद. गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतात, त्यांत आडव्या लाकडी पट्ट्यांच्या खाचांमध्ये शिंपल्यांचे चौकोनी तुकडे सरकवलेले असतात. ही पट्टी उभ्या चौकटीला लावून सगळ्या आडव्या पट्ट्यांच्या जागा एका दमात खुणावण्यासाठी असावी.

एकाच तुकड्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण अंतर शिंपल्याच्या आकारावरूनही ठरलेलं असू शकतं. म्हणून भाऱ्यातलाच दुसरा साचा मोजला: खुर्चीच्या पुढच्या पायाचा, पातळ फळीचा. तळापासून बैठकीच्या खुणेपर्यंत ४४० मिमी, म्हणजे दोन पाल्मो. आडव्या पट्टीची खूण १६५ मिमीवर, म्हणजे सहा पोलेगाद. तीन मापं, दोन वेगळ्या वस्तू, एकच एकक. पोर्तुगालने मेट्रिक पद्धत १८५२ मध्ये स्वीकारली, पण सुताराच्या हातातली मापं साच्यांतून पुढच्या पिढीकडे जातात, त्यामुळे हे साचे तितके जुने आहेत असं यावरून म्हणता येत नाही. मात्र ही मापं ज्या साच्यांवरून आली ते साचे त्या पद्धतीतले होते, इतकं नक्की.

आणि हे नुसतं कौतुकाचं नाही. तावदानाचा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, नवे शिंपले गोळा करून बसवता येत नाहीत. दुरुस्ती करायची तर जुन्या खिडकीतून निघालेलेच शिंपले पुन्हा वापरायचे, आणि त्यासाठी पट्ट्यांचं मूळ अंतर हवं. जुन्या घराचं काम करणाऱ्या सुताराला ही पट्टी रंध्याहून जास्त उपयोगी आहे.

भाव, आणि आणल्यावर

भाव करताना मोडीचा हिशोब नको आणि "अँटिक" चा तर नकोच. कामाचे नग मोजा: रंधा, प्यूजोचं पातं, चार पटाश्या, वाकस, पाच टोकं, गुण्या, खतावणी. यातला प्रत्येक नग आज नवा घेतला तर किती पडेल ते लिहा, त्याचं अर्ध करा, दुरुस्तीचा खर्च वजा करा. त्याच्या पलीकडे जाऊ नये. भारा फुकट मिळतो म्हणून त्याबद्दल गप्प बसा असं मी म्हणणार नाही. दुकानदाराला सांगा हे काय आहे ते, पुढच्या पेटीचा भारा तरी तो जाळणार नाही.

पेटीची जोडणी डव्हटेलची आहे आणि घट्ट आहे, पण तळाच्या फळीला भुंगेऱ्याची भोकं आहेत. काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. ताजी पिवळी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे. छोटे लाकडी नग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावेत. तळाची फळी बदललेली बरी.

गंजाला आपल्याकडे बिंबलं (आंबट फळ) चोळायची रीत आहे, आणि ती चालतेही, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. पण रस लावून विसरलात तर पोलादही खातं आणि उथळ शिक्के आधी जातात. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल, दर तासाला काढून ब्रशने घासून बघायचं, सुटलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, लगेच कोरडं करून तेल. प्यूजोचं पातं आणि मार्पल्सच्या पटाश्या आम्लात नकोतच, त्यांना घासलेट आणि बारीक स्टील वूल पुरे. संरक्षणाला खोबरेल लावू नका. ते काही महिन्यांत चिकट होतं, धूळ धरतं आणि आपल्या पावसाळ्यात त्याखालीच गंज येतो. शिवणयंत्राचं तेल किंवा मेण. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एकदा पुसून पुन्हा लावायचं, समुद्राजवळ राहत असाल तर दर आठवड्याला.

साच्यांना तेल, पॉलिश, पॉलिश पेपर काहीही लावू नये. पेन्सिलीच्या खुणा पहिल्याच हाताला जातात. सुंभ सोडण्याआधी भाऱ्याचा फोटो काढा, कोण कोणाशेजारी बांधलं होतं तेही कामाचं असतं: शिंपल्यांची पट्टी आणि तिच्याच लांबीची, एका टोकाला ठोकळा असलेली दुसरी पट्टी इथे एकत्रच बांधलेल्या आहेत, आणि ती दुसरी पट्टी चौकटीवर कुठे टेकवायची ते एखादी जुनी खिडकी उतरवल्यावरच कळेल.